ऋतुचक्राचे विज्ञान : गर्भाशयाचे अस्तर आणि संप्रेरके

आम्ही इतिहासाचे अध्यापक. जीवशास्त्र हे आमचे क्षेत्र नव्हे. तरीही स्मरणिकेसाठी हा विषय घेतला, त्याला वसतिगृहातील एका मुलीचा प्रश्न कारण झाला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील 85 वा श्लोक चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण आणि प्रेत यांना एका यादीत बसवतो व त्यांच्या स्पर्शानंतर स्नान सांगतो, हे आम्ही नववीच्या वर्गात शिकवीत होतो. तास संपल्यावर ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, पण पाळीतलं रक्त खराब असतंच ना? आजी तसंच सांगते." विटाळ मानणे चूक, एवढे आम्हांस सांगता आले, ते रक्त येते कोठून, हे मात्र नीट सांगता आले नाही. त्यानंतर विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारून आणि पुस्तके चाळून जे समजले, ते येथे मांडत आहोत.

मासिक पाळी फार थोड्या प्राण्यांत आढळते. नरवानर गणातील माणूस, चिंपांझी, बबून आणि मकाक माकडे यांच्यात ती स्पष्ट दिसते. गाय, म्हैस, शेळी यांना पाळी येत नाही. कुत्रीला माजावर येताना होणाऱ्या रक्तस्रावाचे कारण वेगळे आहे. आपल्या उत्तर भारतात आढळणाऱ्या लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडिणीचे चक्र मात्र स्त्रीप्रमाणेच सुमारे 28 दिवसांचे असते. म्हणून या विषयाचे बरेचसे ज्ञान तिच्याकडून मिळाले.

गर्भाशयाच्या आतील अस्तराचे दोन थर मानले जातात. खालचा थर कायम राहतो. वरचा दर महिन्यास वाढतो आणि गळून पडतो. पाळी संपत आली की अंडाशयात वाढणाऱ्या पुटिकेतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवू लागते. त्याच्या प्रभावाने खालच्या थरातील पेशी विभागून वरचा थर नव्याने उभा राहतो, त्यात ग्रंथी आणि रक्तवाहिन्या वाढतात. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर त्या पुटिकेचे पीतपिंडात रूपांतर होते व त्यातून प्रोजेस्टेरॉन मिळू लागते. हे संप्रेरक अस्तराची वाढ आवरते आणि त्याला परिपक्व करते. ग्रंथी नागमोडी होऊन पोषक द्रव्ये स्रवतात, रोहिण्या मळसूत्रासारख्या वेटोळ्या होतात. शेतकरी जमीन वाढवीत नाही, ती पेरणीयोग्य करतो. प्रोजेस्टेरॉनचे काम तसेच आहे.

गर्भ रुजला, तर त्याच्याकडून येणारे संप्रेरक पीतपिंडाला टिकवते. तो न रुजल्यास सुमारे चौदा दिवसांत पीतपिंड क्षीण होतो, दोन्ही संप्रेरके उतरतात, अस्तराचा आधार सुटतो आणि पाळी येते.

हे कसे सिद्ध झाले, हा आमच्या विशेष कुतूहलाचा भाग. 1927 साल आपण चवदार तळ्यामुळे आणि 25 डिसेंबरच्या मनुस्मृतिदहनामुळे जाणतो. त्याच वर्षी अमेरिकेत एडगर ॲलन यांनी ऱ्हीसस माकडिणींवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. अंडाशये काढलेल्या माकडिणींना अंडाशयाचा अर्क टोचून तो थांबविला, की काही दिवसांत रक्तस्राव होई. पुढे 1929 मध्ये जॉर्ज कॉर्नर व विलर्ड ॲलन यांनी पीतपिंडातील संप्रेरकाचा प्रभाव दाखवून दिला. इस्ट्रोजेन बंद केले तरी प्रोजेस्टेरॉन चालू असेपर्यंत स्राव थांबून राहतो, तेही बंद करताच सुरू होतो, हे नंतरच्या प्रयोगांत दिसले.

1940 मध्ये मार्की यांनी अस्तराचे बारीक तुकडे माकडिणीच्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यामागे रुजवून पाळीची क्रिया प्रत्यक्ष पाहिली. आधी अस्तर आक्रसते. मग वेटोळ्या रोहिण्या अधिकच वळतात, रक्तप्रवाह मंदावतो, स्रावाच्या काही तास आधी त्या घट्ट आवळल्या जातात. त्या सैल पडल्यावर दुबळ्या झालेल्या भिंतींतून रक्त झिरपते व अस्तर सुटू लागते. या ज्ञानासाठी मुक्या जिवांनी यातना सोसल्या, याचे स्मरण ठेवले पाहिजे. भारताने ऱ्हीसस माकडांची निर्यात 1978 मध्ये बंद केली.

आता त्या मुलीचे उत्तर देता येते. पाळीतील रक्त हे शरीरात फिरणारे नेहमीचेच रक्त असते. त्याच्यासोबत येते ते गर्भासाठी तयार केलेले आणि त्या महिन्यात न लागलेले अस्तर. शरीरात साठलेली कोणतीही घाण त्यातून बाहेर पडत नाही.

पालकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडतेच असे नाही. ते न पडल्यास पीतपिंड तयार होत नाही, प्रोजेस्टेरॉनही मिळत नाही. केवळ इस्ट्रोजेनवर वाढलेले अस्तर अनियमितपणे, कधी फार जास्त गळते. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते. 80 च्या वर ते अधिक समजतात. मुलीला आठवडाभराहून अधिक स्राव होत असेल, तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, ती थकत असेल, तर "खराब रक्त जाऊ दे" म्हणून थांबू नये. डॉक्टरांना दाखवावे, हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. कोपऱ्यात बसविलेली मुलगी हे कोणास सांगणार?

ती विद्यार्थिनी सुट्टीत घरी गेली, तेव्हा आम्ही तिच्या वहीत अस्तराची आकृती काढून दिली होती. ती तिने आजीलाही दाखविली.