नवे बूट आणि नवशिक्या जवानाचे पाऊल

सैन्यात, पोलीस दलात किंवा वनखात्यात भरती होऊ इच्छिणारा ग्रामीण तरुण वर्ष-दोन वर्षे धावण्याचा सराव करतो. हा सराव बहुधा अनवाणी पायांनी अथवा हलक्या कापडी बुटांनी झालेला असतो. निवड होते, प्रशिक्षण सुरू होते आणि घोट्याच्या वर येणारा जाड चामड्याचा बूट त्याच्या पायात प्रथमच चढतो. दोन-तीन दिवसांतच टाचेवर फोड येतो. तक्रार केली तर आपण कच्चे ठरू, या भीतीने तो दुखणे लपवितो. फोड फुटतो, त्यात माती जाते, जखम चिघळते आणि ज्याचे काळीज व दम दोन्ही खणखणीत आहेत असा उमेदवार केवळ पायामुळे कवायतीच्या मैदानाबाहेर बसतो. थोड्या माहितीने हे बहुतांशी टाळता येते.

बूट का चावतो?

चामडे हे एकमेकांत गुंतलेल्या सूक्ष्म तंतूंचे जाळे होय. कातडे कमावताना हे तंतू टिकाऊ केले जातात व त्यांना तेल पाजले जाते. हिरडा, बाभळीची साल यांसारख्या वनस्पतिज द्रव्यांनी किंवा क्रोमियमच्या क्षारांनी ही क्रिया होते. नव्या बुटाचे तंतू अद्याप पायाच्या ठेवणीप्रमाणे वळलेले नसतात. टाचेची वाटी कडक असते आणि बोटांमागे, जेथे पाऊल दुमडते तेथे, चामड्याला घडी पडलेली नसते. त्यामुळे प्रत्येक पावलागणिक त्वचा एकीकडे आणि आतील हाड दुसरीकडे ओढले जाते. या ताणाने त्वचेचे थर सुटतात व मध्ये पाणी साचते. हाच फोड. घामाने ओली झालेली त्वचा अधिक चिकटते, म्हणून ओल्या मोज्यात फोड लवकर येतात.

योग्य माप

बुटाचे माप सायंकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या वावराने पाऊल किंचित फुगलेले असते. जे मोजे नेहमी वापरावयाचे तेच घालून दोन्ही पाय मोजावेत. बहुतेकांचे एक पाऊल दुसऱ्याहून थोडे मोठे असते. मोठ्या पावलास बसेल तो बूट घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी असावी, अन्यथा उतारावर बोटे आपटून नखे काळी पडतात. बूट लांबीला आखूड असल्यास तो कितीही वापरला तरी लांब होत नाही, हे ध्यानात ठेवावे. सरकारी पुरवठ्यातील बूट मापाचा नसल्यास पहिल्याच दिवशी बदलून मागावा. त्यात कमीपणा नाही.

नव्याचे नऊ दिवस

बूट वळविण्याचे काम घाईने होत नाही. पहिले तीन दिवस घरातच तासभर घालावा. चौथ्या ते सहाव्या दिवशी दोन-तीन तास वापरून एक ते दोन किलोमीटर चालावे. सातव्या ते नवव्या दिवशी तीन-चार किलोमीटर चालावे. दुसऱ्या आठवड्यात चढउताराचा रस्ता धरावा आणि पाठीवरील ओझे तिसऱ्या आठवड्यात घ्यावे. नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी धावू नये.

नाडी बांधण्यापूर्वी टाच जमिनीवर हलके आपटून पाऊल मागे सरकवावे. बोटांजवळ नाडी सैल, पाऊलवाकाशी घट्ट आणि घोट्यावर बेताची असावी. सुती मोजे घाम धरून ठेवतात. लोकरी किंवा लोकर-नायलॉन मिश्रणाचे मोजे बरे. चालताना एखाद्या जागी जळजळ जाणवताच थांबून तेथे चिकटपट्टी लावावी. ती दोन मिनिटांची उसंत पुढचे चार दिवस वाचविते.

बूट पाण्यात भिजवून पायातच वाळविण्याचा उपाय काहीजण सांगतात. त्याने चामड्यातील तेल निघून जाते आणि ओल्या मोज्याने पाय सोलतो. असे करू नये.

फोड आलाच तर त्यावरील कातडी ओरबाडू नये. तीच उत्तम पट्टी असते. जागा स्वच्छ ठेवून झाकावी. लाली पसरू लागली, पू दिसला किंवा ताप आला तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी लहान जखमही हयगयीने घेऊ नये.

चामड्याची निगा

वापरानंतर प्रथम ब्रशने चिखल व धूळ काढावी, कारण मातीचे बारीक कण शिवण कापतात. मग ओल्या फडक्याने पुसून बूट सावलीत वाळवावा. आतील गादी व नाडी काढून जुनी वर्तमानपत्रे कोंबावीत आणि ती ओली होताच बदलावीत. चुलीजवळ किंवा कडक उन्हात बूट ठेवू नये. ओले चामडे उष्णतेने आक्रसते व भेगाळते. पूर्ण वाळल्यावर चामड्यासाठीचे मलम अगदी पातळ लावावे, नंतर मेणाचे पॉलिश. खाद्यतेल लावू नये. ते खवट होते व धूळ धरते. शक्य असल्यास दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे आतील घाम सुकण्यास दिवसभराचा अवधी मिळतो.

कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात बुटांस बुरशी लागते. ती घराबाहेर ब्रशने झाडून बूट वाऱ्यावर ठेवावा. रानात मुक्काम असल्यास सकाळी बूट उलटा करून झटकल्याशिवाय पाय घालू नये. आत विंचू असू शकतो. वर्षानुवर्षे न वापरलेल्या पॉलियुरेथेनच्या तळाचा हवेतील ओलाव्याने भुगा होतो. असा बूट मोहिमेवर नेण्याआधी तपासावा.

इतिहासाचा धडा

पायांची निगा ही चैन नव्हे, हे पहिल्या महायुद्धाने दाखवून दिले. १९१४ ते १९१८ या काळात फ्रान्सच्या आघाडीवर चिखलपाण्याने भरलेल्या खंदकांत उभे राहून असंख्य सैनिकांचे पाय बधिर होऊन सडू लागले. भारतीय पलटणीही १९१४ च्या शरद ऋतूपासून त्या आघाडीवर होत्या. यावर उपाय निघाला तो साधाच होता : पाय कोरडे करणे, मोजे बदलणे, पायांस तेल चोळणे आणि अधिकाऱ्यांनी जवानांच्या पायांची नियमित पाहणी करणे.

आजच्या प्रशिक्षकांनाही ही पाहणी करता येण्याजोगी आहे. पहिल्या पंधरवड्यात रोज सायंकाळी पाच मिनिटे उमेदवारांचे पाय पाहिले, तर दुखणे लपविण्याचे कारणच उरणार नाही. आणि उमेदवारानेही निवडीची वाट न पाहता घरूनच जाड बुटांची सवय करावी. गावाच्या वाटेवर वळलेला बूट मैदानावर चावत नाही.