नशा उतरली, तरी धडधड का?

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा आहे. मित्रांसोबत ‘एमडी’ घेतल्याचं त्याने कबूल केलं. मधूनच छाती धडधडते. या वयात हृदयाला धोका असतो का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : असतो. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू लेन बायस १९८६ साली अवघ्या २२व्या वर्षी गेला. कोकेनने त्याच्या हृदयाची लय बिघडवली होती.

कोकेनमुळे नाडी आणि रक्तदाब चढतो, हृदयाच्या धमन्या आवळतात. शिवाय पेशींतले सोडियमचे मार्ग अडतात आणि विजेचा संदेश रेंगाळतो. ईसीजीवरची अणकुचीदार लाट मग रुंद, बोथट दिसते. सेवनानंतरच्या पहिल्या तासात हार्ट अटॅकचा धोका सुमारे २४ पट वाढल्याचं १९९९च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. ऑक्टोबर २०२३मध्ये चिंचोळी एमआयडीसीत त्याचा कारखानाच सापडला, म्हणजे ही बला सोलापूरच्या वेशीत कधीच शिरली आहे. कोकेनप्रमाणे मेफेड्रोनही नाडी पळवतं, त्यानेही छातीत दुखतं.

मुलाचा ईसीजी लगेच काढावा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. लाजेपोटी हेच लपवलं जातं, आणि घात तिथेच होतो. धडधडीवर सर्रास दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गोळी ताज्या नशेत धमन्या आणखी आवळू शकते. म्हणून घरातल्या कुणाची गोळी त्याला मुळीच देऊ नये. छातीत दुखलं, भोवळ आली, शुद्ध हरपली, तर १०८ला फोन करावा.

पोलिसांची भीती वाटणं साहजिक आहे. मात्र स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये काही अटींवर संरक्षण आहे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे.