प्रहसनाचा चित्रपट करतांना

गेल्या स्नेहसंमेलनांत आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संशयकल्लोळ' नाटकांतील तसबिरीचा प्रसंग करून दाखविला. मंडपांत सोनाळ्याची मंडळी दाटीवाटीनें बसली होती, आणि हशा असा पिकला कीं पात्रांना दोनदां भाषण थांबवावें लागलें. त्या यशानें मुलांना हुरूप आला व त्यांनीं तोच प्रसंग मोबाइलच्या कॅमेऱ्यानें चित्रित केला. पुढें एका शनिवारीं वर्गाच्या भिंतीवर पांढरें कापड ताणून तो दाखविण्यांत आला. पात्रें तींच, भाषणें तींच. परंतु या वेळीं कोणी हंसलें नाहीं. कृत्तिका रडूं लागली तेव्हां तर वर्ग अगदींच स्तब्ध झाला, आणि मागच्या बांकावरील एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, ही खरंच रडतेय." कृत्तिकेचें काम करणारी विद्यार्थिनी मात्र सांगत होती कीं, मंडपांत रडलें त्याहून मी तसूभरही अधिक रडलें नाहीं.

असें कां व्हावें? या प्रश्नाचा विचार आम्हीं त्या मुलांबरोबर पुढें कित्येक दिवस केला. त्यांतून जें हातीं आलें तें येथें मांडीत आहों.

प्रथम नाटकाविषयीं थोडेंसें. ही वस्तु मुळांत फ्रान्समधली. मोलियरनें 1660 सालीं 'स्गानारेल' हें प्रहसन रंगभूमीवर आणलें. त्याच्या आधारानें ऑर्थर मर्फी यानें 1761 सालीं इंग्रजींत 'ऑल इन द राँग' लिहिलें. आणि देवलांनीं 1893 सालीं तें मराठींत आणून त्याला 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' असें नांव दिलें. त्याच गद्य नाटकांत पदें घालून 1916 सालीं 'संशयकल्लोळ' झालें. पात्रांना महिन्यांचीं व नक्षत्रांचीं नांवें देण्याची देवलांची युक्ति इतकी सहज आहे कीं फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती हीं माणसें परदेशांतून आलीं आहेत याची वाचकाला शंकाही येत नाहीं. प्रसंग असा : रस्त्यांत घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सांवरतो, तें त्याची बायको कृत्तिका पाहते आणि मनांत संशय धरते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर खालीं पडते व ती कृत्तिकेच्या हातीं लागते. ती तसबीर न्याहाळीत असतां फाल्गुनराव तिला पाहतो, आणि आतां संशय घेण्याची पाळी त्याची येते.

रंगभूमीवर बसलेल्या प्रेक्षकाला हें सर्व एकाच दृष्टिक्षेपांत दिसतें. फाल्गुनराव चिडतो आहे, कृत्तिका आपल्याच विचारांत आहे, आणि तसबिरीचा दोघांशींही कांहींएक संबंध नाहीं, हें तो एकाच वेळीं जाणतो. पात्रांना ठाऊक नाहीं तें आपल्याला ठाऊक आहे, या जाणिवेंतूनच प्रहसनाचा हशा उगवतो. आमच्या मुलांनीं काय केलें? जो बोलेल त्याच्या तोंडाजवळ कॅमेरा नेला. फाल्गुनराव बोलतांना कृत्तिका दिसेना, कृत्तिका रडतांना फाल्गुनराव दिसेना. प्रेक्षकाजवळचें सारें ज्ञान त्यांनीं काढून घेतलें, आणि त्याच्यापुढें उरली ती एक रडणारी बाई.

दुसरी चूक याच्या अगदीं उलट जातीची होती. रंगभूमीवर तसबीर तळहाताएवढी. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ती कोणाची आहे हें दिसणें शक्य नाहीं. म्हणून पात्रांना तिच्याविषयीं बोलावें लागतें. पडद्यावर ती तसबीर एक क्षणभर जवळून दाखविली कीं काम झालें. येथें कॅमेऱ्यानें जवळ जावयास हवें होतें, तर तेथें तो गेला नाहीं, आणि भाषण मात्र सबंध ठेवलें. माणसाच्या जवळ गेले व वस्तूपासून दूर राहिले, असें आम्हीं मुलांना म्हटलें तेव्हां प्रथम तीं रुसलीं.

आणखी एक अडचण विरामाची. कसलेला नट हशा ओसरेपर्यंत थांबतो आणि मग पुढलें वाक्य टाकतो. चित्रपटाला प्रेक्षकांचा आवाज ऐकूं येत नाहीं. मोकळी जागा सोडावी तर नट भाषण विसरला असें वाटतें, न सोडावी तर पुढला विनोद हशांत बुडतो. चतुर दिग्दर्शक अशा जागीं शब्द न ठेवतां हालचाल ठेवतात : कोणी पाणी पितें, कोणी दार लावून घेतें. हशा चालू राहिला तरी त्यांत कांहीं बुडत नाहीं.

या मार्गानें यशस्वी झालेलें उदाहरण पाहावयाचें तर गुलजार यांचा 1982 चा हिंदी चित्रपट 'अंगूर' घ्यावा. शेक्सपिअरचें 'कॉमेडी ऑफ एरर्स' हें प्रहसन लंडनच्या ग्रेज इन येथें 1594 च्या डिसेंबरांत झाल्याची नोंद आहे. एकसारख्या दिसणाऱ्या धन्यांची एक जोडी, तशाच नोकरांची दुसरी, आणि सर्वत्र ओळखीचा घोटाळा. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनीं 1869 सालीं त्याचें 'भ्रांतिविलास' या नांवानें बंगाली कथारूपांतर केलें. 1963 सालीं त्यावर बंगाली चित्रपट निघाला, 1968 सालीं 'दो दूनी चार' हा हिंदी चित्रपट आला, व मग 'अंगूर'. रंगभूमीवर जुळ्यांसाठीं दोन निराळे नट उभे करून तेच सारखे आहेत असें प्रेक्षकानें मानून घ्यावें लागतें. पडद्यावर संजीवकुमार दोन्ही अशोक होतात व देवेन वर्मा दोन्ही बहादूर. हें तंत्राचें सौकर्य सर्वांच्या डोळ्यांत भरतें. आमच्या मतें त्या चित्रपटाची खरी करामत दुसरीकडेच आहे.

रंगभूमीवर प्रहसन इतक्या वेगानें धांवतें कीं, "हा गृहस्थ सरळ विचारीत कां नाहीं?" हा प्रश्न प्रेक्षकाला सुचत नाहीं. चित्रपटांत रस्ते खरे, घरें खरीं, बाजार खरा. तेथें हा प्रश्न लगेच सुचतो. गुलजार यांनीं परगांवाहून द्राक्षमळा विकत घेण्यास आलेल्या अशोकाला गुप्त पोलिसांच्या कादंबऱ्यांचें वेड लावून दिलें आहे. जवळ पैसे, डोक्यांत कादंबऱ्या; मग अनोळखी माणूस नांवानें हांक मारूं लागला कीं ही एखादी टोळीच आपल्या मागें लागली आहे, असें त्याला वाटावें यांत नवल तें काय? तो विचारीत नाहीं, कारण विचारणें हेंच त्याला धोक्याचें वाटतें. शेक्सपिअरच्या नाटकांत म्हाताऱ्या बापावर देहदंडाची टांगती तलवार आहे. 'अंगूर' मध्यें ती नाहीं. तें बरेंच झालें. भजांत भांग घालणाऱ्या बहादूरच्या शेजारीं फांशीची शिक्षा जवळून पाहवली नसती.

वेषांतराच्या प्रहसनाची गोष्ट थोडी निराळी. ब्रँडन थॉमस यांचें 'चार्लीज आंट' 1892 सालीं इंग्लंडांत आलें. आचार्य अत्रे यांनीं त्याची 'मोरूची मावशी' केली, आणि पुढें विजय चव्हाण यांनीं ती मावशी घरोघर पोंचविली. मूळ इंग्रजी नाटकावर 1925 सालीं मूकपट निघाला व 1941 सालीं बोलपट. लुगड्यांतला पुरुष पडद्यावर जवळून दिसला तर फसवणूक उघडी पडेल, अशी भीति वाटते. पण प्रेक्षकाला फसवावयाचें नसतेंच, तो कटांत सामील असतो. 1988 च्या 'अशी ही बनवाबनवी' नें हें मराठी माणसाला पुरतें पटवून दिलें आहे. तो चित्रपट नाटकावरून घेतलेला नव्हे, 1966 च्या 'बीवी और मकान' या चित्रपटावरून घेतलेला आहे. तरी पण त्यांतले भाडेकरू, त्यांची घरमालकीण आणि एक घर पाहिलें कीं रंगभूमीवरील प्रहसनाचा सांगाडा त्यांत स्पष्ट दिसतो. पडदा मोठा मिळाला म्हणून पात्रांना साऱ्या गांवभर हिंडवावें हा मोह त्यांनीं बराचसा आवरला आहे. दार एकच असेल तरच नको तो माणूस नको त्या वेळीं दारांत उभा राहतो.

आतां पुन्हा कृत्तिकेकडे येऊं. वेषांतर जवळून पाहण्यांत दुःख नाहीं. संशय जवळून पाहण्यांत आहे. नवऱ्यानें बायकोवर घेतलेला संशय ही मंडपांत बसलेल्या कित्येक घरांतली खरी गोष्ट असते. रंगभूमीवर फाल्गुनराव आपल्यापासून वीस हात दूर असतो, म्हणून तो हास्यास्पद वाटतो. कॅमेरा दोन हातांवर नेला कीं तो भीतिदायक होतो, आणि कृत्तिका केवळ नाटकांतली कृत्तिका राहत नाहीं. त्या दिवशीं वर्ग स्तब्ध झाला यांत वर्गाची रसिकता कमी पडली असें आम्हीं म्हणणार नाहीं. ज्या मुलीनें "खरंच रडतेय" म्हटलें, तिनें कॅमेऱ्यानें दाखविलें तेंच पाहिलें होतें.

मुलांनीं दुसऱ्यांदा चित्रण केलें तें ओसरीच्या एका टोकाला कॅमेरा ठेवून. खांबाच्या अलीकडे तसबीर हातीं घेतलेली कृत्तिका, पलीकडे फाल्गुनराव. दोघेही एकाच चौकटींत, दोघेही एकाच प्रकारें उसासे टाकणारे, आणि मधें केवळ तो खांब. भाषणें निम्म्यावर आलीं. तसबीर एकदां जवळून दिसली. वर्ग हंसला, मंडपांतल्याइतका नव्हे, पण हंसला. शेवटीं मात्र चित्रण करणाऱ्या मुलानें हट्टानें एक चित्र ठेवलें होतें : फाल्गुनराव पाय आपटीत निघून गेला आहे, आणि कृत्तिकेचा चेहरा जवळून, कांहींही न बोलतां, चार-पांच क्षण. हशा तेथें थांबला. तें चित्र काढून टाकावें कीं काय असें त्यानें आम्हांस विचारलें. आम्हीं तें काढावयास सांगितलें नाहीं.