फरशीवरचे पाणी

(द्वितीय वर्ष कला)

आपल्या वार्षिक अंकात पावसावरच्या कविता दरवर्षी असतात. गेल्या वर्षी त्या पाच होत्या आणि त्यांतले दोन कवी माझ्याच एस.टी.ने येणारे आहेत. जुलै महिन्यात काच न लागणाऱ्या खिडकीशी, मांडीवर ओली पिशवी घेऊन बसलेले हे दोघे पावसाला 'सखा' म्हणतात याचे मला नवल वाटते. टीका करण्याचा हेतू नाही. मला कविता करता येत नाही, एवढेच. म्हणून त्याच पावसातून रोज कॉलेजला कसे यावे-जावे हा प्रश्न मी भूगोलाची विद्यार्थिनी या नात्याने प्रस्तुत लेखात मांडणार आहे. त्यात थोडे पुस्तकातले आहे, थोडे डोळ्यांनी पाहिलेले आहे, आणि एक गोष्ट अशी आहे की जी मी अद्याप घरी सांगितलेली नाही.

माझे गाव खेड तालुक्यात, सह्याद्रीच्या बाजूला. घरापासून एस.टी.चा थांबा अडीच किलोमीटर. वाटेत एक पऱ्या लागतो. त्यावर पूल नाही, फरशी आहे. म्हणजे खाली सिमेंटचे नळ, वर काँक्रीटचा सपाट रस्ता आणि दोन्ही कडांना पांढरे-तांबडे रंगवलेले खुणेचे दगड. कठडा नाही. उन्हाळ्यात ही फरशी ओलांडली हे कोणाच्या लक्षातही येत नाही. अशी फरशी बांधतानाच हिशेब असा धरलेला असतो की मोठ्या पावसात पाणी तिच्यावरून जाईल, त्या वेळी वाहतूक थांबेल आणि पाणी ओसरले की पुन्हा सुरू होईल. कठडा नसतो तोही याचसाठी, की वाहून आलेली झाडे-झुडपे अडकून पाणी तुंबू नये. हे मला कॉलेजात आल्यावर समजले. तोपर्यंत आमच्या फरशीचे काम वाईट झाले आहे असेच मी समजत होते. गावातही बहुतेकांची समजूत तीच आहे. पाणी वरून जाणे हा फरशीचा दोष नाही. तिने आपल्याकडून थांबण्याची अपेक्षा केलेली असते आणि आपण नेमके तेच करीत नाही.

आता पावसाच्या आकड्यांकडे वळू. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस म्हणजे 'जोरदार', 115.6 ते 204.4 म्हणजे 'अति जोरदार' आणि त्यापुढचा 'अत्यंत जोरदार'. हे 24 तास सकाळी साडेआठला संपतात. मिलिमीटर म्हटले की आपल्याला पट्टीवरची बारीक रेघ आठवते आणि भीती वाटत नाही. पण एका गुंठ्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी सुमारे दहा हजार लिटर होते. दोनशे लिटरची पन्नास पिंपे. आमच्या पऱ्याला डोंगरावरचे किती गुंठे उतरत असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. त्यात कोकणातले प्रवाह आखूड आणि उतार तीव्र. देशावर घाटातले पाणी सखल प्रदेशात पोचायला जो वेळ घेते तो इथे मिळत नाही. सकाळी चढलेले पाणी दुपारी समुद्राच्या वाटेला लागलेले असते.

इशाऱ्यांचे रंग आता सर्वांना पाठ आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग मोबाईलवर आदल्या दिवशीच येतो आणि त्याचा उपयोगही होतो. परंतु तो सबंध जिल्ह्यासाठी असतो हे ध्यानात ठेवले पाहिजे. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात साधारण 73 मिलिमीटर. एकाच शहरात एवढा फरक असेल तर रत्नागिरी जिल्ह्याच्या रंगावरून माझ्या पऱ्याचे पाणी कसे कळणार? ते पऱ्याकडे बघूनच कळते. आणि बघूनही फसगत होते, ती मी आता सांगते.

मी प्रथम वर्षाला होते. जुलैतला लावणीचा दिवस. बाबा पहाटेच शेतावर गेलेले. अंतर्गत परीक्षेचा पेपर असल्यामुळे मला पहिली गाडी गाठायची होती. शेजारच्या घरातली अकरावीतली मुलगी माझ्याबरोबर निघाली. तिची परीक्षा नव्हती. ताई जाते म्हणून ती आली. फरशीवर पाणी होते, पण पाऊस थांबला होता आणि पलीकडून एक गृहस्थ नुकतेच चालत आलेले होते. गुडघ्याच्या खालीच आहे, असे ते म्हणाले. त्यांचे गुडघे आणि आमचे गुडघे यांत फरक आहे हे त्या क्षणी सुचले नाही. आम्ही हात धरून उतरलो.

गुडघाभर पाणी माणसाला पाडते कसे, हे मी नंतर शिकले. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. शिवाय पाण्यात उभा माणूस हलका होतो, म्हणून पायाची जमिनीवरची पकड सुटू लागते. त्यात खाली शेवाळ. आणि गढूळ पाण्यातून फरशी शाबूत आहे की मधला तुकडा रात्रीच वाहून गेला आहे, हे दिसतच नाही. काठावर उभे असताना यातले काहीच जाणवत नाही. तिथून फक्त पलीकडचा रस्ता आणि गाडीची वेळ दिसते.

मधोमध आल्यावर तिचा पाय सरकला. छत्री गेली. ती खालच्या बाजूच्या कडेला पडली आणि तिचा एक पाय फरशीवरून खाली गेला. दुसऱ्या हाताला खुणेचा दगड लागला म्हणून ती राहिली. मी तिचे मनगट सोडले नाही, पण त्यात माझे कर्तृत्व नाही. मी इतकी घाबरले होते की मला बोटे उघडताच आली नसती. तीन-चार श्वासांचा वेळ असेल. पलीकडे पोचल्यावर ती आधी रडली आणि मग एका चपलेकडे पाहून हसू लागली. दुसरी चप्पल आणि डबा पऱ्याने नेला होता. 'घरी सांगू नको हं ताई,' एवढेच ती म्हणाली. मीही सांगितले नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ही गोष्ट कळली असती तर दोघींचेही शिक्षण त्याच आठवड्यात थांबले असते, असे मला वाटले. चप्पल एस.टी.त राहिली असे आम्ही तिच्या आईला सांगितले. पेपरात मला वीसपैकी अकरा गुण पडले.

त्यानंतर घरात उरलेल्या ऑइलपेंटने मी खुणेच्या एका दगडावर वीत-वीत अंतरावर रेघा ओढल्या आणि पावसाळा संपेपर्यंत सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवली. वहीत नऊ दिवस फरशीवर पाणी दिसते. त्यांतले चार दिवस असे की आमच्या वाडीत त्या वेळी थेंबही पडत नव्हता. पाऊस वर डोंगरात होता. म्हणजे 'पाऊस थांबला' ही आमची कसोटीच चुकीची होती. दुसरी नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते. वरचा जोर ओसरला की पाणी बहुधा दोन तासांच्या आत फरशीखाली जाई. ज्या पाण्यात आम्ही उतरलो ते दोन तासांनी तिथे राहणारच नव्हते. एका वर्षाच्या नोंदीवरून नियम काढू नये असे आमचे सर सांगतात, तेव्हा हा नियम म्हणून नव्हे, नोंद म्हणूनच वाचावे.

वाहनात बसले की माणसाला सुरक्षित वाटते. वास्तविक लहान मोटारीचा तळ पाच-सहा चौरस मीटरचा धरला तर तळाच्या वर चढलेले प्रत्येक दहा सेंटिमीटर पाणी तिला पाच-सहाशे किलोंनी हलकी करते. मग ती तरंगायला कितीसे पाणी लागणार? रिक्षाचे तर बोलायलाच नको. 2005 च्या त्या दिवशी मुंबईत कित्येक लोक बंद मोटारीतच अडकून दगावले. पाणी दरवाजाला लागण्याआधी काच खाली करून बाहेर पडावे, एवढे तरी प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

एस.टी. जड असते हे खरे. पण 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या इतर वाहनांसह नदीत गेल्या. एक जयगडहून मुंबईला निघालेली, दुसरी राजापूरहून बोरिवलीला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. बोरिवली गाडीने जाणारे आमच्या वाडीतही असल्यामुळे घरोघर फोन चालले होते ते आठवते. तिथे चालकांना अंधारात पूल नाही हे कळायला काही मार्गच नव्हता. चालकाच्या हाती काही असते ते पाणी समोर दिसत असताना, आणि अशा वेळी पाठीमागचे आपण काय करतो?

गेल्या ऑगस्टमध्ये आमची संध्याकाळची गाडी एका ओढ्याच्या पुलाअलीकडे थांबली. पुलावरून वीतभर पाणी जात होते. चालकाने इंजिन बंद केले आणि उतरून दगडावर बसला. पहिली दहा मिनिटे कोणी बोलले नाही. नंतर 'घाला हो मास्तर, काय होत नाही' सुरू झाले. अर्ध्या तासाने त्याच्या धैर्याविषयी आणि अखेरीस पगाराविषयीही बोलणे झाले. आपल्या कॉलेजचे विद्यार्थी त्यात मागे नव्हते. तो तीन तास बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पुलावरून गेलो तेव्हा पुलाला काहीही झालेले नव्हते. साधा चरासुद्धा नाही. त्यावरून पुन्हा त्याची टर उडवली गेली.

मला तेव्हापासून हाच विचार पडला आहे. पूल टिकला म्हणून थांबणारा चुकला असे ठरले. आम्ही दोघी पार झालो, म्हणून उतरणाऱ्या आम्ही बरोबर ठरलो असतो. त्या गृहस्थांनीही आपण पार झालो याच आधारावर आम्हाला सल्ला दिला होता. आमच्या वाडीतली माणसे वर्षानुवर्षे ती फरशी पाण्यातून ओलांडत आली आहेत आणि प्रत्येक वेळी पार झाल्याने त्यांची खात्री अधिक पक्की होत गेली आहे. पाणी मात्र ती मोजणी ठेवत नाही. चालकाला त्या संध्याकाळी जेवढे दिसत होते तेवढ्यावर त्याचा निर्णय योग्यच होता. रात्रीतून पूल पडला असता तरी तो अधिक योग्य झाला नसता.

विजेविषयी दोन शब्द. आपल्याकडे ती मुख्यतः पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात पडते, ऐन जुलैत कमी. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्के छप्पर गाठावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथून हलू नये. आपल्या थांब्याजवळच्या आंब्याखाली उभे राहण्याची सवय मोडली पाहिजे. तिथे बांधलेली शेड गळते हे कबूल, पण भिजून मेलेला कोणी ऐकिवात नाही. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजेच्या सूचनेसाठी 'दामिनी' हे मोबाईल ॲप काढले आहे, तेही घ्यावे.

बाकी माझी तयारी फार नाही. थांब्याजवळ राहणाऱ्या काकींकडे जूनमध्येच एक पोशाख, टॉवेल आणि थोडे पोहे ठेवून येते. दप्तराच्या तळाशी दोन वेळच्या खाण्याचे पैसे, ते एरवी मोडायचे नाहीत. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. थांबायला जागा ठरलेली असली की थांबणे सोपे जाते; नसली की माणूस पाण्याकडे चालू लागतो. प्राध्यापकवर्गाला येथे एक नम्र विनंती करावीशी वाटते. हजेरीचे 75 टक्के आवश्यक आहेत हे मान्य. पण जिल्ह्याला लाल इशारा असेल त्या दिवशीची अंतर्गत परीक्षा पुन्हा घेतली जाईल, एवढे जूनमध्येच सूचनाफलकावर लागले तर पऱ्यापलीकडच्या मुलांना काठावर उभे राहून गुणांचा हिशेब करावा लागणार नाही.

हा अंक घरी जाईल. बाबा फारसे वाचत नाहीत, पण धाकटा भाऊ मोठ्याने वाचून दाखवतो. चपलेची गोष्ट येताच आई हातातले काम थांबवील हे मला दिसते आहे. बाबा काय म्हणतील ते सांगता येत नाही.

एस.टी. तीन तास थांबली त्याच रात्री मी आमच्या फरशीपाशी पोचले तेव्हा पाणी माझ्या तिसऱ्या रेघेवर होते. फोनला रेंज नव्हती. पलीकडे बाबा बॅटरी घेऊन उभे होते. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येईना. त्यांनी बॅटरी आडवी, सावकाश हलवली. मीही मोबाईलचा दिवा तसाच हलवला. मग त्यांचा उजेड वाडीच्या चढणीला लागला आणि मी काकींकडे वळले.