लोणारला कॅसिनो आला तर?

प्रश्न : लोणार-शेगावला कॅसिनो सुरू झाला, तर आमच्या मुलांना काम मिळेल का? (एक वाचक, बुलढाणा)

उत्तर : आधी कायद्याचं सांगतो. महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला, पण तो कधी लागूच झाला नाही. 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. म्हणजे आज दार बंद आहे.

आता पोटापाण्याचं. पणजीला मांडवीत कॅसिनोंची जहाजं उभी आहेत. त्यातून नोकऱ्या आणि महसूल मिळतो, हे खरं. पण 2020 पासून गोवा सरकारने गोवेकरांनाच तिथे जुगार खेळायला बंदी केली. आपल्या माणसांना ज्यापासून दूर ठेवावं लागतं, ते मी तुमच्या गावासाठी सुचवणार नाही.

शिवाय तुमच्याकडे येणारी माणसं कोण? शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला, सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी, लोणारच्या सरोवरावर म्हातारे आईवडील, लेकरंबाळं घेऊन आलेली. ती जुगारासाठी मुक्काम वाढवणार नाहीत. कॅसिनो गिऱ्हाईकाला रात्रभर आतच धरून ठेवतो. समोरच्या खानावळीला, रिक्षावाल्याला त्यातलं फार थोडं मिळतं. मुलांना सरोवराचे वाटाडे होण्याचं प्रशिक्षण द्या, घरगुती निवास सुरू करा, स्वच्छतागृहं बांधून घ्या. याची मागणी ग्रामसभेत, नगरपरिषदेत आजच लावून धरा.