सेल्फ फिरेना!

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात द्राक्षांच्या बागा पुष्कळ आहेत. वेलींच्या दोन ओळींमध्ये जागा थोडी असते. तेथे मोठा ट्रॅक्टर वळत नाही. म्हणून बागाईतदार लहान ट्रॅक्टर वापरतात. औषध फवारण्याचे यंत्र त्याच्याच मागे जोडतात. ऑक्टोबरमध्ये वेलींची छाटणी होते आणि कोवळी पालवी फुटते. या दिवसांत पाऊस पडला, की पानांवर डावणी नावाचा बुरशीचा रोग येतो. तो घडांवर गेला, तर वर्षाचे पीक हातचे जाते. अशा वेळी फवारणीला उशीर करून चालत नाही.

अशाच एका सकाळी आबांचा ट्रॅक्टर सुरू होईना. रात्री पाऊस झाला होता. टाकीत औषध कालवून ठेवले होते. आबांनी चावी फिरवली. 'टक्' असा आवाज झाला आणि सारे शांत! ट्रॅक्टर पंधरा वर्षांचा जुना. आबांनी नाक्यावरच्या गॅरेजमधून उस्तादांना बोलावून आणले. उस्तादांबरोबर त्यांचा भाचाही आला. तो नववीत शिकत होता.

"सेल्फ जळाला वाटतं. नवा घेऊन येऊ का?" आबांनी घाईने विचारले.

"थांबा आबा, आधी बघू तरी," उस्ताद म्हणाले.

मुलांनो, सेल्फ म्हणजे काय ते येथे समजून घेऊ. इंजिन आपोआप सुरू होत नाही. डिझेल इंजिनात हवा जोराने दाबली जाते. दाबल्यामुळे ती इतकी तापते, की तिच्यात उडालेले डिझेल लगेच पेटते. पण हवा दाबण्यासाठी आधी कोणीतरी इंजिन फिरवायला हवे. हे काम विजेवर चालणारी एक मोटर करते. तिचे नाव स्टार्टर. आपले मेकॅनिक तिलाच 'सेल्फ' म्हणतात. तिच्या टोकाला लहान दातेरी चाक असते. चावी फिरवताच ते पुढे सरकते आणि इंजिनाच्या मोठ्या दातेरी चाकात अडकते. 'टक्' हा आवाज त्याचाच. म्हणजे आबांच्या ट्रॅक्टरचे लहान चाक पुढे सरकत होते, पण फिरत नव्हते.

पूर्वी हे काम माणसे करीत. लोखंडी हँडल लावून इंजिन फिरवावे लागे. हँडलने उलटा झटका दिला, तर मनगट मोडे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९११ साली मोटारगाडीसाठी विजेचा स्टार्टर तयार केला. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना तो बसवला गेला. केटरिंग त्याआधी दुकानातील गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात होते. त्या यंत्रांना त्यांनी विजेची छोटी मोटर जोडली होती. मोटर थोडाच वेळ चालवायची असेल, तर लहान मोटरकडूनही मोठे काम करून घेता येते, हे त्यांना तेथे दिसले होते. सेल्फ याच युक्तीवर चालतो. म्हणून तो सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ फिरवू नये. फार तापला, तर खरोखरच जळतो.

उस्तादांनी गिअर मोकळा आहे ना, ते पाहिले. मग त्यांनी ट्रॅक्टरचा दिवा लावला. दिवा लख्ख लागला.

"मामू, दिवा तर छान लागतो. मग वीज अडते कुठे?" भाच्याने विचारले.

"दिव्यावर जाऊ नकोस," उस्ताद म्हणाले. "दिव्याला पाच अँपिअर वीज पुरते. सेल्फला दोनशेच्या आसपास लागते. अरुंद दारातून एक माणूस सहज जातो. वरात जाईल का?"

त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या अंगाला लावली. आबांनी चावी फिरवली. मीटरचा काटा शून्याजवळ राहायला हवा होता. तो नऊच्याही पुढे गेला! बॅटरी बारा व्होल्टची. त्यातले नऊ व्होल्ट वाटेतच अडकत होते. सेल्फला उरत होते तीन. तेवढ्यावर तो कसा फिरणार?

बॅटरीपासून ट्रॅक्टरच्या सांगाड्याला येणारी जाड तार म्हणजे अर्थिंगची तार. तिचा बोल्ट गंजला होता. हिशेब अगदी सोपा आहे. गंजाचा रोध ०.०५ ओहम धरा. पाच अँपिअर वीज गेली, तर पाव व्होल्ट कमी होतो. दिव्याला ते कळतही नाही. दोनशे अँपिअर जायची म्हटली, तर दहा व्होल्ट कमी होतात.

उस्तादांनी आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवले. धन टोक सोडवताना पाना सांगाड्याला लागला, तर मोठी ठिणगी पडते. ऋण टोक आधी सुटलेले असले, की ती भीती राहत नाही. भाच्याने पॉलिश पेपरने बोल्ट आणि त्याखालचे लोखंड घासले. चकाकी आल्यावर बोल्ट घट्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले. ऋण टोक सर्वांत शेवटी जोडले.

आबांनी चावी फिरवली. सेल्फ फिरला, पण अडखळत. दुसऱ्या खेपेला इंजिन सुरू झाले.

"आबा, सेल्फचे ब्रशही झिजलेले दिसतात," उस्ताद म्हणाले. "पण ते आज उघडायला नको. तुम्ही फवारणी उरका. तोवर इंजिन मात्र बंद करू नका."

आबा लगेच बागेत शिरले.

दुसऱ्या दिवशी सेल्फ गॅरेजमध्ये आला. फिरणाऱ्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे चार तुकडे, म्हणजेच ब्रश, झिजून निम्म्यावर आले होते. ते बदलले. ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर ते घासतात, त्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ केल्या. तासाभरात सेल्फ दुरुस्त झाला. 'दुरुस्त' हा शब्द तर तुमच्या घरातलाच आहे!

स्वाध्याय

१. दिवा लख्ख लागूनही सेल्फ का फिरत नव्हता?
२. बॅटरीचे ऋण टोक आधी का सोडवतात?
३. 'फवारणी उरका, तोवर इंजिन बंद करू नका,' असे उस्ताद का म्हणाले?
४. वाक्यात उपयोग करा : हातचे जाणे, उशीर करून न चालणे.
५. तुमच्या घराजवळच्या गॅरेजमध्ये जा. तेथे वापरले जाणारे दहा शब्द मराठीत आणि उर्दूत लिहून आणा.