विसाची नोट, वेरूळची सहल आणि सातवीचा हिशोब

इयत्ता : सहावी ते आठवी
विषय : मराठी, गणित आणि थोडा इतिहास
वेळ : चार तासिका आणि सहलीचा एक दिवस
साहित्य : वीस रुपयांची नवी नोट, शंभर पानी वही, एकसारखी कोरी पाकिटं

मराठीच्या तासाला दरवर्षी तीन निबंध ठरलेले असतात. 'माझा आवडता छंद', 'आमची सहल' आणि 'पैशाचे महत्त्व'. छंदात निम्म्या वर्गाला वाचन आवडतं, कारण मार्गदर्शकात तोच निबंध पहिला असतो. सहलीत सगळे पहाटे उठतात, गाडीत गाणी म्हणतात आणि संध्याकाळी दमून घरी येतात. पैशाच्या निबंधात बचत करावी, उधळपट्टी करू नये. पण सहलीच्या निबंधात सहलीला किती पैसे लागले हे कुणीच लिहीत नाही, आणि छंदाच्या निबंधात छंदाला पैसे कुठून आणले तेही नाही. म्हणून या वर्षी आम्ही तिन्ही विषय एका धड्यात घेतले.

सुरुवात नोटेपासून केली. 2019 साली आलेली विसाची हिरवट पिवळी नोट प्रत्येक गटाला एक दिली आणि सांगितलं, पाच मिनिटं नुसती बघा. मागच्या बाजूला वेरूळची लेणी आहेत, हे बऱ्याच मुलांना पहिल्यांदाच दिसलं. रोज किराणा दुकानात हाताळतात, पण उलटून कोण बघतं? मग भाषांची पट्टी मोजली. मागे पंधरा भाषा आहेत. त्यात मराठी शोधायला लावा, मुलं हमखास कोकणी आणि नेपाळीच्या ओळीपाशी अडखळतात, कारण लिपी तीच. दहाच्या नोटेवर कोणार्क, पन्नासच्या नोटेवर हंपी, शंभरच्या नोटेवर गुजरातमधली राणी की वाव, दोनशेच्या नोटेवर सांची आणि पाचशेच्या नोटेवर लाल किल्ला. म्हणजे खिशातलं पाकीट हाच प्रवासाचा नकाशा झाला.

वर्गात एका मुलाला नाणी-नोटा जमवायचा छंद आहे. त्याला फळ्यापाशी उभं केलं आणि पुढची वीस मिनिटं मी मागच्या बाकावर बसले. एरवी तासाला तोंड न उघडणारं हे पोर सांगत होतं, की नाण्यावर सालाच्या खाली बारीक चौकट म्हणजे डायमंड असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. एक रुपयाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही नसते, वित्त सचिवांची असते, कारण ती नोट भारत सरकारची. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग आपापल्या खिशातली नाणी उलटून बघत होता. या छंदाला त्याला खर्च किती येतो, असं विचारलं. म्हणाला, "काहीच नाही बाई, पैसे पैशेच राहतात की. फक्त खर्च नाय करायचे."

पालकांसाठी इथे एक सूचना. जुनी नाणी आणि नोटा विकून लाखो रुपये मिळवा, अशा जाहिराती मोबाइलवर सतत येतात. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर सूचना काढून सांगितलं आहे, की अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि बँक त्यासाठी कसलंही शुल्क मागत नाही. छंद असलेलं मूल घरात असेल तर हे त्याला आधी सांगा. या जाळ्यात तेच आधी सापडायची भीती असते.

आता मुख्य भाग. नोटेवरचं वेरूळ प्रत्यक्ष बघायचं ठरलं आणि सहलीचा खर्च मुलांनीच काढायचा ठरला.

दरवर्षी सहलीची यादी लावली, की दहा-अकरा नावं तिच्यात येत नाहीत. कारणंही ठरलेली असतात. गाडी लागते. घरी पाहुणे आहेत. त्या दिवशी मामाकडे कार्यक्रम आहे. काहींना खरंच गाडी लागते. पण बारा वर्षांच्या मुलाला आपल्या घरची स्थिती नीट कळत असते, आणि 'आमच्याकडे या महिन्यात नाहीत' हे वाक्य वर्गात म्हणता येत नाही, हेही कळत असतं. मुलांसमोर पैशाचं बोलू नये, असं आपण घरोघरी मानतो. मला ते पटत नाही. मुलं न बोललेलंही ऐकतात, फक्त त्याला जोडून लाज शिकतात.

वर्गात 44 मुलं, बरोबर आम्ही चार शिक्षक. माहिती काढायला मुलांचे गट पाठवले. एसटीच्या आगारात गेलेल्या गटाला कळलं, की शाळेच्या सहलीला भाड्यात 50 टक्के सवलत मिळते, त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. लेण्यांच्या तिकिटाचं पाहणाऱ्या गटाने सांगितलं, की पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मोठ्यांना वेरूळला 40 आणि दौलताबादला 25 रुपये. वेरूळ मंगळवारी बंद असतं, तेव्हा वार बघून ठरवा. (अजिंठा सोमवारी बंद. या दोन वारांचा गोंधळ करून परत फिरलेल्या सहली कमी नाहीत.)

फळ्यावर मांडलेला हिशोब असा झाला. सवलत धरून गाडी 11,000. शिक्षकांची तिकिटं 260. नाश्ता-पाणी माणशी 30 प्रमाणे 48 जणांचे 1,440. अडीअडचणीला 500. जेवणाचा डबा घरून, कारण हॉटेलात जेवलो तर नुसत्या जेवणाचेच पावणेसहा हजार होत होते. एकूण 13,200. भागिले 44, म्हणजे प्रत्येकी 300. हे आकडे आमच्या गावापासूनचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

मग मी एकच प्रश्न विचारला. अकरा जण आले नाहीत तर?

पहिलं उत्तर लगेच आलं, "तेवढे पैसे वाचतील." बहुतेक मुलांना असंच वाटतं, मोठ्यांनाही वाटतं. करून बघा म्हटलं. गाडीचे 11,000 तेवढेच राहतात, अकरा बाकं रिकामी गेली म्हणून एसटी पैसे कमी करत नाही. तिकिटं तेवढीच, अडीअडचण तेवढीच. कमी होतो फक्त अकरा जणांचा नाश्ता, 330 रुपये. उरले 12,870, ते 33 जणांत वाटायचे. प्रत्येकी 390. फळ्यावर 390 उमटलं तेव्हा वर्ग गप्प झाला. सहल 300 ची होती, अकरा जण मागे राहिल्यामुळे बाकीच्यांना ती 90 रुपयांनी महाग पडली.

दुसरी पायरी मुलांनीच काढली. त्या अकरांनी 150 दिले तर? 11 गुणिले 150, म्हणजे 1,650. उरलेले 11,550 तेहतीस जणांत, प्रत्येकी 350. म्हणजे अकरांना अर्ध्या पैशांत बरोबर नेलं, तरी तेहतिसांचे चाळीस रुपये वाचतात. इथे दया, मदत, उपकार यांतला एकही शब्द मी वापरला नाही. भागाकाराने काम केलं होतं. ठरावीक खर्च आणि माणसांगणिक बदलणारा खर्च हा फरक पुस्तकातल्या व्याख्येने मुलांना समजायला आठवडा लागला असता.

पण अकरा कोण, हे कुणाला कळता कामा नये. त्यासाठी पाकिटं. शाळेनेच सगळ्यांना एकसारखं पाकीट दिलं. त्यावर नाव नाही. तीनशेच्या आसपास, ज्याला जेवढं जमेल तेवढं घरी बोलून घालायचं आणि पिंपात टाकायचं. रिकामं असलं तरी टाकायचं. सोबत पालकांना हाच हिशोब एका कागदावर पाठवला. शिक्षकांनी अक्षर, घडी, नोटांची अवस्था यावरून तर्क लढवू नयेत, आणि मोजायला मुलांनाच बसवावं. कमी पडले तर काय कापायचं तेही आधी ठरवून ठेवा. आम्ही नाश्ता घरून आणायचं ठरवलं होतं, म्हणजे 1,440 सुटले असते.

मोजणी झाली. जमले 12,940. कमी पडले 260. ही रक्कम कुठेतरी बघितल्यासारखी वाटत होती. फळ्याकडे बघत एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमची तिकिटं तुम्हीच काढा की!" काढली. यादीत 44 नावं होती. ज्यांना गाडी लागते त्यांनी लिंबू आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतल्या आणि पुढच्या सीट पकडल्या.

वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात पैशाचा धडा आयताच मिळतो, तो सोडू नका. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीची राजधानी या देवगिरीला आणली, हे पुस्तकात असतं. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याने तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या किमतीला घ्या असा हुकूम काढला. लोकांनी घरोघरी तशी नाणी पाडायला सुरुवात केली. शेवटी ती परत घ्यावी लागली आणि खजिन्यातून बदल्यात चांदी द्यावी लागली. मी विचारलं, मग आपली विसाची नोट तर कागदाची, ती दुकानदार का घेतो? नोटा जमवणाऱ्याने खिशातली नोट काढून दाखवली. वीस रुपये देण्याचं वचन, खाली गव्हर्नरची सही, पाण्याची खूण, तार. "आणि ही घरी छापता येत नाय." मोबाइलवरून दिलेल्या पैशांना तर कागदही नसतो, यावर वाद वेरूळ येईपर्यंत चालला. मी तो मिटवला नाही.

कैलास लेणं वरून खाली खोदत आणलेलं, एकाच खडकातलं, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं. मुलांनी नोट समोर धरून ते ताडून पाहिलं. यापुढे मी काही शिकवलं नाही, तिथे शिकवूही नये. नुसतं फिरू द्यावं.

खाऊला प्रत्येकाने जास्तीत जास्त 50 रुपये आणायचे आणि खर्च लिहायचा, एवढाच नियम होता. वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते : पेरू 20, सरबत 10, आईला टिकल्या 15, शिल्लक 5. खाली एक ओळ आहे : 'टिकल्या आधी घेतल्या, नाहीतर उरले नसते.' या वर्षीच्या सहलीच्या निबंधात पहाटेची गाणी कमी होती आणि अशा ओळी बऱ्याच.

अडीअडचणीच्या 500 पैकी 180 औषधांना आणि पाण्याच्या जास्तीच्या बाटल्यांना गेले. पावत्या वहीला चिकटवून वही आठवडाभर सूचना फलकाखाली टेबलावर ठेवली होती, पालकही येऊन चाळून गेले. उरलेल्या 320 चं काय करायचं यावर वर्गात मतदान झालं. चॉकलेटं वाटायची या बाजूने 17, पुढच्या वर्गाला द्यायचे या बाजूने 27. वही आता सहावीच्या वर्गशिक्षिकांकडे आहे. कोऱ्या पानावर पहिली ओळ लिहून दिली आहे : मागील बाकी, रुपये 320.